मधल्या सोळाशे किलोमीटरचा धनी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पंजाबच्या नैर्ऋत्य टोकाला, पाकिस्तानच्या हद्दीला अगदी खेटून, फाजिल्का नावाचं शहर आहे. आजूबाजूला कापूस, भात आणि किन्नूच्या बागा. १९७१च्या युद्धात इथे घनघोर लढाई झाली होती. पण गेली पंधरा-सोळा वर्षं सरकारी कागदांत फाजिल्काचं नाव येतं ते निराळ्या कारणाने. तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातून निघणारी, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून येणारी गॅसची पाइपलाइन इथे भारताच्या हद्दीत शिरणार आहे. लांबी १,८१४ किलोमीटर, नळाचा व्यास ५६ इंच, म्हणजे शाळकरी पोर आत ताठ उभं राहील एवढा. वर्षाला ३३ अब्ज घनमीटर गॅस, तीस वर्षं. चार देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘तापी’ म्हणतात. आपल्या खानदेशातल्या तापीशी तिचा काही संबंध नाही, आणि आपली तापी निदान वाहते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते सर भूगोलाचे शिक्षक होते. परराष्ट्र धोरणावर कुणी तावातावाने बोलायला लागलं की ते आधी अ‍ॅटलास पुढे सरकवत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज मीही तेवढंच करणार आहे. या पाइपलाइनबद्दल बोलताना लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, तालिबान आणि पाकिस्तान असताना ती होणं शक्य नाही. दोन, ती झाली तर या भागात शांतता नांदेल. मला दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. पाइपलाइन अडली ती एका फार व्यवहारी प्रश्नावर. तुर्कमेनिस्तानच्या हद्दीतले २१४ किलोमीटर वजा केले, तर अफगाणिस्तानातले ७७४ आणि पाकिस्तानातले ८२६ मिळून बरोबर सोळाशे उरतात. या सोळाशे किलोमीटरांचा धनी कोण? गॅस सगळ्यांना हवा आहे, भाडं सगळ्यांना हवं आहे, पण तिथे काही बिघडलं तर नुकसान मी सोसेन, असं म्हणणारा तीस वर्षांत कुणी पुढे आला नाही.

आधी तुर्कमेनिस्तान पाहू. नैसर्गिक वायूच्या साठ्यात रशिया, इराण आणि कतार यांच्यानंतर या देशाचा नंबर लागतो. लोकसंख्या मात्र आपल्या एखाद्या मोठ्या शहराइतकी. १९९३पासून पाव शतक तिथल्या सरकारने नागरिकांना घरगुती गॅस फुकट दिला. २०१९च्या जानेवारीत ती सवलत बंद झाली, यावरून तिजोरीचा अंदाज यावा. देशाच्या आग्नेय भागात, मारी शहराच्या दक्षिणेला, २००६ साली एक प्रचंड वायुक्षेत्र सापडलं. आता त्याचं नाव गल्किनिश. जगातल्या सर्वांत मोठ्या वायुक्षेत्रांत त्याची गणना होते. हा गॅस गंधकाने भरलेला आहे, तो शुद्ध केल्याशिवाय नळात घालता येत नाही. म्हणजे विहिरीशेजारी आधी कारखाना, मग नळ.

आणि समुद्र नाही. कॅस्पियन आहे, पण तो बंदिस्त. त्यातून गॅसचं मोठं जहाज मोकळ्या महासागरात जात नाही. तेलाचं एक बरं असतं, पिंपात भरून रेल्वेने, ट्रकने, कसंही बाहेर काढता येतं. समुद्र नसेल तर गॅसला नळच लागतो. १९९१ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथून निघणारे सगळे नळ उत्तरेला, रशियाकडे जात होते, कारण ते सोव्हिएत संघाने स्वतःच्या सोयीने टाकले होते. म्हणजे देश स्वतंत्र, पण गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे पूर्वीचा मालक. १९९७च्या डिसेंबरात इराणकडे दोनशे किलोमीटरचा एक छोटा नळ सुरू झाला, रशियाला वळसा घालणारा पहिलाच. पुढे २०१७च्या जानेवारीत थकबाकीवरून भांडण होऊन तोही तुर्कमेनिस्ताननेच बंद केला. त्याआधी २००९च्या एप्रिलमध्ये रशियाकडे जाणाऱ्या नळात मोठा स्फोट झाला. जगभर मंदी होती, युरोपात गॅसची मागणी घटली होती. रशियाच्या गाझप्रोम कंपनीने पूर्वसूचना न देता गॅस घेणं एकदम कमी केलं, त्यामुळे दाब वाढून नळ फुटला, असा तुर्कमेनी सरकारचा जाहीर आरोप होता. त्यानंतर महिनोन् महिने रशियाला होणारी विक्री थांबली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणं म्हणजे काय, हे त्या देशाने असं भोगलेलं आहे. दक्षिणेच्या नळाची ओढ तिथून येते.

आता नकाशावर सेरहेताबादला बोट ठेवा. पूर्वीचं नाव कुश्का. झारच्या साम्राज्याचं आणि पुढे सोव्हिएत संघाचं हे सर्वांत दक्षिणेकडचं टोक. पाइपलाइन इथेच अफगाणिस्तानात शिरते. याच टापूत, पंजदेह इथे, मार्च १८८५मध्ये रशियन सैन्याने अफगाण तुकडीचा पराभव केला आणि कलकत्त्यापासून लंडनपर्यंत युद्धाची तयारी सुरू झाली. अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान त्या वेळी रावळपिंडीत व्हॉइसरॉय लॉर्ड डफरिनचा पाहुणा होता. युद्ध टळलं, सीमा आखली गेली, आणि ती आखणाऱ्यांच्या मनात एकच हेतू होता: उत्तरेकडून दक्षिणेकडे काहीही सहज येऊ नये. अफगाणिस्तान मधे ठेवला तो भिंत म्हणून. रेल्वे उत्तरेकडून कुश्कापर्यंत येऊन थांबली आणि दक्षिणेकडून चमनपर्यंत. मधला भाग मुद्दाम रिकामा ठेवला. आपण आज ज्या सोळाशे किलोमीटरांबद्दल बोलतो आहोत, त्यातला अर्धा भाग असा शंभर वर्षं जाणूनबुजून दळणवळणाविना ठेवलेला आहे. हे ध्यानात घेतलं नाही तर ‘एवढासा नळ का होत नाही’ असं वाटत राहतं.

हा नळ पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आला तो ना अमेरिकन होता ना रशियन. ब्रिदास या अर्जेंटिनाच्या कंपनीचा कार्लोस बुल्गेरोनी. तुर्कमेनिस्तानात त्याला गॅस मिळाला आणि तो विकायचा कुठे या विवंचनेत तो दक्षिणेकडे पाहू लागला. १९९५च्या मार्चमध्ये तुर्कमेनिस्तानचे अध्यक्ष नियाझोव्ह आणि पाकिस्तानच्या पंतप्रधान बेनझीर भुट्टो यांच्यात पाइपलाइनच्या अभ्यासाबद्दल समझोता झाला. त्या काळात अफगाणिस्तान सरदारांमध्ये वाटलेला होता. बुल्गेरोनी प्रत्येकाकडे जाऊन बसे, चहा पिई, वाटाघाटी करी. मला या माणसाबद्दल थोडं कौतुक आहे. सोळाशे किलोमीटरांवरच्या माणसांशी स्वतः जाऊन बोलणारा बहुधा तोच पहिला.

पण नियाझोव्हला अमेरिका हवी होती. ऑक्टोबर १९९५मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पन्नाशीच्या निमित्ताने तो न्यूयॉर्कला गेला असताना, त्याने अमेरिकेची युनोकॉल आणि सौदीची डेल्टा ऑइल यांच्याशी करार केला. अर्जेंटिनावाला बाजूला पडला आणि कोर्टात गेला. करारावर सह्या होत असताना हेन्री किसिंजर तिथे होते, युनोकॉलचे सल्लागार म्हणून. नळाचा मार्ग पाहून त्यांना डॉ. जॉन्सनचं दुसऱ्या लग्नाबद्दलचं सुप्रसिद्ध वचन आठवलं, अनुभवावर आशेने मात करण्याबद्दलचं, आणि ते त्यांनी तिथेच बोलून दाखवलं. सल्लागाराने समारंभातच असा शेरा मारावा, आणि तरी सह्या व्हाव्यात! १९९७च्या ऑक्टोबरात युनोकॉलच्या पुढाकाराने ‘सेंटगॅस’ हा कंपन्यांचा गट उभा राहिला. डिसेंबरात तालिबानचं शिष्टमंडळ टेक्ससला जाऊन पाहुणचार घेऊन आलं. मग ७ ऑगस्ट १९९८ला नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकन वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले, अमेरिकेने अफगाणिस्तानात क्षेपणास्त्रं डागली, युनोकॉलने काम थांबवलं आणि वर्ष संपता संपता ती गटातूनच बाहेर पडली.

इथे एक छोटंसं विषयांतर, कारण ते आपल्या दारातलं आहे. २००१नंतर एक कथा फार फिरली की अफगाण युद्ध मुळात एन्रॉनसाठी झालं. तुर्कमेनी गॅस एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाला आणायचा होता. एन्रॉनला मध्य आशियात रस होता हे खरं. कॅस्पियनखालून पश्चिमेकडे न्यायच्या नळाच्या अभ्यासाचं काम तिला १९९८ साली मिळालं होतं. पण दाभोळचा दुसरा टप्पा उभा राहत होता तो जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅससाठी. तिथली जेट्टी, टाक्या सगळं समुद्राकडे तोंड करून. आणि २००१च्या मध्यापर्यंत प्रकल्प बंदही पडला होता. फाजिल्का कुठे, दाभोळचा गुहागर तालुका कुठे. कट रचणाऱ्यांनाही नकाशा लागतो.

दाभोळची आठवण मात्र आपल्याला दुसऱ्या कारणासाठी लागणार आहे. तिकडे येतोच.

तालिबान गेल्यावर पाइपलाइन पुन्हा कागदावर आली, आणि पुढची सोळा वर्षं मी झरझर सांगतो, कारण त्यांत सह्यांपलीकडे फार काही नाही. २००२च्या डिसेंबरात अश्गाबातला तीन देशांचा करार. आशियाई विकास बँकेच्या पैशाने अभ्यास. २००८मध्ये भारत सामील. डिसेंबर २०१०मध्ये चार देशांचा आंतरसरकारी करार. भारताकडून तेव्हाचे पेट्रोलियममंत्री, आपल्या मुंबईचे मुरली देवरा. मे २०१२मध्ये गॅसच्या खरेदीचा करार, भारताच्या वतीने ‘गेल’ या सरकारी कंपनीचा. २०१४मध्ये चौघांची कंपनी. १३ डिसेंबर २०१५ला मारीजवळ भूमिपूजन. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी, नवाझ शरीफ, अश्रफ घनी आणि यजमान बेर्दिमुहामेदोव. २०१९च्या डिसेंबरात गॅस येईल असं तेव्हा जाहीर झालं. फेब्रुवारी २०१८मध्ये अफगाण टप्प्याचा शुभारंभ सेरहेताबाद आणि हेरातला. भारताकडून परराष्ट्र राज्यमंत्री एम. जे. अकबर. एकाच नळाचा नारळ किती वेळा फुटावा याला काही धरबंध राहिला नाही.

आता प्रवरेच्या पाटावर वाढलेल्या या गावात मला एक गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. टेलचा शेतकरी म्हणजे काय, ते. पाणी धरणातून पूर्ण सुटतं, कागदावर प्रत्येक चारीला वाटा ठरलेला असतो, आणि शेवटच्या माणसाच्या वावरात पोहोचेपर्यंत वरच्यांनी दारं उचललेली असतात. भारत या नळाच्या टेलला होता. मूळ वाटणी अशी: दिवसाला एकूण नऊ कोटी घनमीटर, अफगाणिस्तानला १.४ कोटी, पाकिस्तान आणि भारताला प्रत्येकी ३.८ कोटी. भारताचा आजचा गॅसचा एकूण वापर दिवसाला अठरा-एकोणीस कोटी घनमीटरच्या घरात आहे, म्हणजे आपला वाटा त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा. काही थोडका नाही. पण वर बसलेला पाकिस्तान स्वतः गॅसच्या तुटवड्याने हैराण. उन्हाळ्यात विजेसाठी, हिवाळ्यात चुलीसाठी. त्याने दार उचललं तर फाजिल्काचं कोण ऐकणार? आणि त्याच्याही वर कंदाहार. १९९९च्या डिसेंबरात आपलं अपहृत विमान जिथे उभं होतं, ते कंदाहार.

टेलचा शेतकरी काय मागतो? पाणी माझ्या बांधावर मोजा आणि तिथे पैसे घ्या. भारताने वाटाघाटींत वर्षानुवर्षं तेच मागितलं: गॅस फाजिल्काला ताब्यात द्या. तुर्कमेनिस्तानचं धोरण याच्या नेमकं उलट. आमच्या हद्दीवर गॅस घ्या, तिथेच मोजा, तिथेच पैसे द्या. पुढे तुमचं तुम्ही बघा. स्वातंत्र्यापासून त्या देशाचा हा रिवाज आहे, आणि त्यांच्या अनुभवाने पाहिलं तर तो अगदीच चुकीचाही नाही. पुढच्या देशात कोण नळ फोडतो, कोण बिल थकवतो, याची जोखीम ते का घेतील? अफगाणिस्तानला हवं होतं ते वाहतुकीचं भाडं. वर्षाला चाळीस कोटी डॉलर असा अंदाज वारंवार सांगितला गेला. त्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने ही रक्कम फार मोठी. पाकिस्तानला गॅसही हवा आणि भारताकडून भाडंही. चौघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. पण चार बरोबर म्हणण्यांची बेरीज होत नाही.

अशा वेळी मधे यायला मोठी तेल कंपनी लागते. पैसा तिचा, तंत्रज्ञान तिचं, आणि बँका तिच्या नावावर कर्ज देतात. शेव्हरॉन, एक्सॉनमोबिल, टोटाल यांची नावं वेळोवेळी आली. त्यांची अट साधी होती: सोळाशे किलोमीटरांची जोखीम आम्ही घेऊ, पण मग विहिरीतही वाटा द्या. नुसत्या भाड्यावर कोण एवढा धोका पत्करेल? तुर्कमेनिस्तान म्हणाला, जमिनीवरच्या विहिरी आमच्या, त्यात परक्याला वाटा नाही. बोलणी फिसकटली. शेवटी २०१५मध्ये तुर्कमेनगाझ ही त्यांची सरकारी कंपनीच गटाची प्रमुख झाली, हिस्सा ८५ टक्के. उरलेल्या तिघांचा प्रत्येकी पाच. आपल्या ‘गेल’चे पाच टक्के. ज्याने आयुष्यात आपल्या हद्दीबाहेर नळ टाकला नाही, त्याच्या गळ्यात सोळाशे किलोमीटरांचं काम पडलं. आणि ज्याला गॅस हवा, त्याने पाच टक्क्यांवर समाधान मानलं. त्या आकड्यांतच सगळं आलं, असं मला वाटतं.

बँका काय पाहतात? इथे दाभोळ येतं. असा नळ उधारीवर बांधला जातो, आणि उधारी फेडायची ती गिऱ्हाइकाच्या लेखी हमीवर: माल उचलला नाही तरी पैसे देईन. ‘टेक ऑर पे’. महाराष्ट्राने या अटीचा अर्थ पुस्तकातून नाही, वीज मंडळाच्या ताळेबंदातून शिकलेला आहे. वीज घेवो न घेवो, ठरलेला आकार भरायचा. त्याला राज्याची हमी, त्या हमीला केंद्राची हमी. २००१मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि हमीचा कागद किती जड असतो ते सगळ्यांना दिसलं. फाजिल्काच्या गॅससाठी तशीच हमी तीस वर्षांची द्यायची होती, आणि तीही अशा नळावर, ज्याची चावी दुसऱ्या दोघांच्या हातात. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी हात आखडता घेतला असेल, तर दाभोळ पाहिलेला माणूस त्यांना नावं ठेवणार नाही. मी तरी ठेवत नाही.

मग असा नळ होतच नाही का? होतो. त्याच तुर्कमेनिस्तानातून झाला, जवळपास तेवढ्याच लांबीचा. २००६च्या एप्रिलमध्ये चीनशी करार झाला. अमूदर्याच्या उजव्या तीरावरून निघून उझबेकिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून चीनच्या हद्दीवरच्या खोर्गोसपर्यंत १,८३३ किलोमीटर. तुर्कमेनी हद्दीत काम २००७च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि १४ डिसेंबर २००९ला हू जिंताव यांनी शेजारच्या तीन राष्ट्राध्यक्षांसह गॅस सोडला. आपल्या नळापेक्षा एकोणीस किलोमीटर जास्तच. आता तिथे तीन समांतर नळ आहेत, क्षमता वर्षाला ५५ अब्ज घनमीटर.

वाटेत युद्ध नव्हतं, हे मान्य. पण तेवढंच कारण नाही. चीनची सरकारी कंपनी सीएनपीसी स्वतः विहिरीपाशी गेली, आणि पाश्चात्त्यांना नाकारलेला जमिनीवरचा उत्पादन-वाटा तिला २००७मध्ये मिळाला, कारण ती सोबत नळ घेऊन आली होती. वाटेतल्या प्रत्येक देशाशी तिने वेगळी, निम्म्या-निम्म्या हिश्शाची कंपनी काढली. उझबेकिस्तानशी एक, कझाकस्तानशी एक. कझाकस्तानने नळ तोडला असता तर स्वतःच्याच कंपनीचा तोडला असता. गल्किनिशसाठी चीनच्या विकास बँकेने २००९मध्ये चार अब्ज आणि २०११मध्ये ४.१ अब्ज डॉलर कर्ज दिलं. विहीर, कर्ज, नळ आणि गिऱ्हाईक, चारही टोकांना एकच माणूस. मधल्या वाटेला धनी होता.

याचं मी गुणगान करत नाहीये. धनी होण्याची किंमत तुर्कमेनिस्तानने मोजली. निर्यातीचा फार मोठा भाग पुढे चीनलाच जाऊ लागला, गॅसमधून कर्ज फिटत राहिलं, आणि २०२१ साली ते फिटल्याचं सरकारने जाहीर केलं. रशियाच्या जागी दुसरं एकमेव गिऱ्हाईक आलं. पण नळ झाला. गॅस वाहतो.

आता शांततेच्या दाव्याकडे येऊ. ‘शांततेची पाइपलाइन’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे आला तो इराणच्या नळावरून. १९८९ साली राजेंद्र पचौरी आणि इराणचे अली शम्स अर्दकानी यांनी ती कल्पना मांडली: इराणचा गॅस पाकिस्तानमार्गे भारतात. मणिशंकर अय्यर पेट्रोलियममंत्री असताना त्यांनी तिचा ध्यास घेतला. २००६च्या जानेवारीत त्यांचं खातं बदललं. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालू होती, आणि दोन्हींचा संबंध तेव्हा उघड जोडला गेला. भारत हळूहळू बाजूला झाला. इराणने आपल्या हद्दीतला नळ टाकला, २०१३च्या मार्चमध्ये झरदारी आणि अहमदीनेजाद यांनी हद्दीवर समारंभही केला, पाकिस्तानचा टप्पा मात्र उभा राहिला नाही.

ब्रह्मदेशाची गोष्ट तर चटका लावणारी आहे. ‘श्वे’ वायुक्षेत्रात भारताच्या ओएनजीसी विदेश आणि गेल या दोन सरकारी कंपन्यांचा हिस्सा. २००५च्या जानेवारीत यांगूनला तीन देशांनी ठरवलं की गॅस बांगलादेशमार्गे भारतात आणायचा. ढाक्याने त्या बदल्यात नेपाळ-भूतानशी व्यापाराची आणि विजेची वाट मागितली. दिल्लीने व्यापाराचा प्रश्न निराळा आणि गॅसचा निराळा असा पवित्रा घेतला. दोघं घासाघीस करत बसले. २०१३च्या जुलैमध्ये तो गॅस चीनच्या युन्नानकडे वाहू लागला. आपल्या कंपन्या आपल्या हिश्शाचा गॅस चीनला विकतात. तिथे तालिबान नव्हते, पाकिस्तान नव्हता. म्हणून म्हणतो, सगळं खापर त्या दोघांवर फोडू नका.

नळ शांतता आणतो का, याला युरोपने दिलेलं उत्तर मला फार बोलकं वाटतं. रशियाच्या गॅसने जर्मनी आणि रशिया जवळ येतील असं चाळीस वर्षं मानलं गेलं. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेन युद्ध सुरू झालं, आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला बाल्टिक समुद्राखाली नॉर्ड स्ट्रीमचे नळ फोडले गेले. पण याच युद्धात दुसरी गोष्टही घडत होती. युक्रेनवर रशियाचे बॉम्ब पडत असताना युक्रेनच्याच जमिनीखालून रशियाचा गॅस युरोपला जात होता आणि युक्रेन त्याचं भाडं घेत होता. पाच वर्षांचा करार होता. तो संपला तेव्हा, १ जानेवारी २०२५ला, नळ बंद झाला. बांधलेला नळ युद्धातही वाहतो, आणि तो वाहतो म्हणून युद्ध थांबत नाही. सिंधू पाणीवाटप कराराचा दाखला नळाचे समर्थक नेहमी देत: १९६०पासून तीन युद्धं झाली, पाणी थांबलं नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. दाखला गेला.

या सगळ्याच्या उलट्या बाजूने कुणी म्हणेल, मग समुद्रच बरा. भारताने तेच केलं. गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो, आकारमान सहाशे पटींनी कमी होतं, आणि जहाजात मावतो. २००४ साली दहेजला कतारचा गॅस उतरू लागला. आज आपल्या गरजेचा साधारण निम्मा गॅस जहाजाने येतो. जहाजाला शेजारी लागत नाही. पण धनी त्यालाही लागतो. गाझप्रोमच्या सिंगापूरच्या कंपनीशी गेलचा वीस वर्षांचा करार होता. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तिची जर्मनीतली मूळ कंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली, आणि २०२२च्या मध्यापासून गेलच्या वाट्याची जहाजं येईनाशी झाली. युरोपात दर आभाळाला भिडले होते. नळ निदान तिसऱ्याच देशाकडे वळवता येत नाही; जहाज भर समुद्रात तोंड फिरवू शकतं. २०२५च्या सुरुवातीला ते प्रकरण तडजोडीने, भरपाई घेऊन मिटलं. म्हणजे समुद्र स्वतंत्र आहे हाही एक भ्रमच, जरा महागडा.

आता ताजी स्थिती. सप्टेंबर २०२४मध्ये सेरहेताबादला पुन्हा समारंभ झाला. तिथून हेरातपर्यंतच्या सुमारे दीडशे किलोमीटरांच्या टप्प्याला ‘अर्कादागचा शुभ्र मार्ग’ असं नाव मिळालं आहे. अर्कादाग म्हणजे माजी अध्यक्ष बेर्दिमुहामेदोव. गादीवर आता त्यांचे चिरंजीव आहेत. तालिबानचे पंतप्रधान हसन अखुंद हजर होते. नाव सोडा, पण हा टप्पा मी गांभीर्याने घेतो. इथे पहिल्यांदाच तुर्कमेनिस्तान आपल्या हद्दीच्या पुढे स्वतःच्या भारावर नळ नेतो आहे, तीस वर्षांचा रिवाज मोडून. हेरातला तुर्कमेनिस्तानची वीज आधीपासून येते, तिथे औद्योगिक वसाहत आहे, गॅसला गिऱ्हाईक आहे, आणि अंतर एका दमात जाण्यासारखं आहे. दीडशे किलोमीटरांना धनी सापडला.

हेरातपासून पुढे फराह, हेलमंद, कंदाहार, चमन, क्वेट्टा, डेरा गाझी खान, मुलतान. तिथे काबूलची सत्ता आज बुल्गेरोनीच्या काळापेक्षा एकसंध आहे; पण पाकिस्तान आणि तालिबान यांच्यात सरहद्दीवर तोफा चालतात, बलुचिस्तानात स्वतः पाकिस्तानचेच जुने गॅसचे नळ वारंवार उडवले जातात, आणि वाघा-अटारीचा व्यापार बंद आहे. तुर्कमेनिस्तानने मार्च २०२५पासून इराणमार्गे तुर्कस्तानला अदलाबदलीने गॅस द्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे त्याची नजर पश्चिमेकडेही वळते आहे. गेलने आपले पाच टक्के ठेवावेत का, असं मला विचारलं जातं. ठेवावेत. मात्र हेरात ते कंदाहार या टप्प्याचं कर्ज कुणाच्या नावावर आहे ते कळेपर्यंत त्यात आणखी एक रुपया घालू नये.